पंपाच्या पाटीवर २०० लिटर, टाकीत मात्र ७८: दाब, पाइप आणि पंपाचं साधं गणित

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या दीड एचपी पंपाच्या पाटीवर कमाल हेड (पाणी किती उंच चढवता येईल ते) ४२ मीटर आणि कमाल डिस्चार्ज (पाण्याचा प्रवाह) मिनिटाला २०० लिटर लिहिलंय. चढाई २४ मीटरच आहे, तरी हजार लिटरची टाकी पाच मिनिटांऐवजी तेरा मिनिटं घेते. मग पंप खराब आहे का आणि त्याच्या शेजारी तसाच दुसरा बसवावा का, हा पहिला. सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन नळ एकदम उघडले की धार मरते, टाकी मोठी केली तर जोर येईल का, हा दुसरा. आणि पंप बंद होताना पाइपात धाडकन आवाज येतो, त्याचं काय, हा तिसरा.

मापं तुम्ही नीट दिलीत, त्यामुळे हवेतलं उत्तर द्यावं लागत नाही. पंप हौदातल्या पाण्याच्या २ मीटर वर, टाकीत पाणी सोडणारं तोंड पंपापासून २२ मीटर वर, प्लास्टिकच्या पाइपाचा आतला व्यास ३२ मिमी, एकूण लांबी १२० मीटर, आठ एल्बो (काटकोनी वळणं), फूटव्हॉल्व्ह (हौदातल्या पाइपाच्या तळाची झडप), एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) आणि एक गेट व्हॉल्व्ह. यावरून आधीच सांगतो: पंप बहुधा ठणठणीत आहे. दुसरा पंप घेऊ नका.

आता हिशोब. पाण्याच्या गणितात एक सवय लावून घ्या, ती म्हणजे सगळं मीटरमध्ये बोलायचं. दाब, घर्षण, पंपाची ताकद, सगळं 'किती मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ' या एकाच मापात आणलं की नुसती बेरीज-वजाबाकी उरते. १० मीटर पाणी म्हणजे चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब. एक बार म्हणजे १०.२ मीटर आणि एक पीएसआय म्हणजे साधारण ०.७ मीटर. दाबाच्या गेजवर कुठलंही एकक असो, आधी मीटर करून घ्या.

हा दाब फक्त उंचीवर ठरतो. टाकी पाचशे लिटरची असो की पाच हजारांची, नळापासून पाण्याची पातळी ३ मीटर वर असेल तर बंद नळावर ३ मीटरच दाब येणार, म्हणजे ०.३ किलो. पाइप जाड केल्यानेही हा स्थिर दाब वाढत नाही. त्यामुळे मोठी टाकी घेऊन नळाला जोर येणार नाही. पाणी जास्त वेळ पुरेल, एवढंच.

पण तुमची तक्रार बंद नळाची नाही, वाहत्या नळाची आहे. पाणी वाहायला लागलं की पाइपात घर्षण सुरू होतं आणि त्या ३ मीटरमधला काही भाग वाटेतच खर्च होतो. उरेल तेवढाच नळापर्यंत पोचतो. हा खर्च काढायला आधी वेग लागतो:

वेग (मीटर प्रति सेकंद) = २१.२ × प्रवाह (लिटर प्रति मिनिट) ÷ आतल्या व्यासाचा वर्ग (मिमी)

मग त्या वेगाचं हेड, म्हणजे वेगाचा वर्ग भागिले १९.६. आणि घर्षणाचं हेड:

घर्षण (मीटर) = घर्षणांक × (लांबी ÷ व्यास) × वेगाचं हेड

हे डार्सी-वाइसबाखचं सूत्र. लांबी आणि व्यास दोन्ही मीटरमध्ये घ्यायचे, इथे हमखास चूक होते. घर्षणांक खरं तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळीचा आहे ते सांगणारा आकडा) आणि पाइपाच्या आतल्या खडबडीतपणावरून काढतात, पण घरगुती प्रवाहात गुळगुळीत प्लास्टिकला ०.०२ आणि गंज धरू लागलेल्या लोखंडी पाइपाला ०.०३ धरलं तर उत्तर कामापुरतं बरोबर येतं. लोखंड फारच गंजलेलं असेल तर ०.०४ च्या वरही जातं. हेझन-विल्यम्सचं सूत्रही सर्रास वापरतात आणि नव्या प्लास्टिक पाइपाला दोन्हींचं उत्तर जवळपास जुळतं. मी डार्सीवर भर देतो, कारण त्यात कुठली गोष्ट किती त्रास देते ते डोळ्यांना दिसतं.

तुमच्या वरच्या मजल्याची लाइन जुन्या लोखंडी पाइपाची आहे, आतून २० मिमी आणि १५ मीटर लांब. एक नळ मिनिटाला १२ लिटर देत असेल तर वेग २१.२ × १२ ÷ ४०० = ०.६४ मीटर, वेगाचं हेड ०.०२१ मीटर. ०.०३ × १५ ÷ ०.०२० = २२.५. वळणं आणि व्हॉल्व्हही पाणी अडवतात, त्यांचे गुणांक मिळून आणखी १० धरा. एकूण ३२.५ × ०.०२१, म्हणजे साधारण ०.७ मीटर. तीनपैकी २.३ मीटर शिल्लक राहतात, धार बरी पडते. आता दुसरा नळ उघडा. त्यालाही १२ लिटर द्यायचे तर प्रवाह दुप्पट, वेग दुप्पट आणि घर्षण चौपट, म्हणजे २.७ मीटर. शिल्लक फक्त ०.३ मीटर. एवढ्यावर १२ लिटर मिळणं शक्यच नाही, म्हणून दोन्ही नळांची धार एकदम पडते. तुम्ही वर्णन केलंय ते नेमकं हेच.

तोच पाइप आतून २५ मिमीचा केला तर मिनिटाला २४ लिटरवरचं घर्षण २.७ वरून एक मीटरच्या आत येतं. टाकी एक मीटर उचलून बांधली तर एकच मीटर मिळतो. पाइप बदलून पावणेदोन मीटर वाचतात. टाकीच्या स्टँडवर खर्च करण्याआधी हे बघा.

यामागचा नियम पाठ करण्यासारखा आहे. प्रवाह तोच ठेवला तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतं. व्यास निम्मा झाला की घर्षण ३२ पट, आणि सव्वापट केला की सुमारे एक तृतीयांश. म्हणून पाइपावर छापलेला आकार आणि आतला व्यास यांची गल्लत महागात पडते. प्लास्टिकच्या पुष्कळ पाइपांचा आकार बाहेरून मोजलेला असतो आणि दाबाचा वर्ग (पाइप किती दाब सोसेल तो दर्जा) वाढला की भिंत जाड होऊन आतला व्यास कमी होतो. ३२ ऐवजी ३१ मिमी भरला तर घर्षण १७ टक्क्यांनी वाढतं, एका मिलिमीटरमागे! पाइपाचा तुकडा हातात घेऊन व्हर्नियरने आतून मोजा आणि मगच गणिताला बसा.

आता मुख्य मुद्दा, पंप.

पाटीवरचे दोन आकडे एकाच वेळी खरे नसतात. ४२ मीटर हेड मिळतं तेव्हा डिस्चार्ज शून्य असतो आणि २०० लिटर मिळतात तेव्हा हेड शून्य असतं. पाणी वर न चढवता पंपाच्या तोंडाशीच सोडून दिलं तरच २०० लिटर मिळतील. मधल्या सगळ्या जागा कंपनीच्या कॅटलॉगमधल्या कर्व्हवर, म्हणजे किती प्रवाहाला किती हेड ते दाखवणाऱ्या आलेखावर असतात. तुमच्याकडे तो कर्व्ह नाही, म्हणून दोन टोकं जोडणारा साधा वक्र धरतो: हेड = ४२ × (१ − (प्रवाह ÷ २००) चा वर्ग). सेंट्रिफ्युगल (फिरत्या चाकाने पाणी बाहेर फेकणाऱ्या) पंपाला अंदाजासाठी हे चालतं. त्यावरून ६० लिटरला ३८.२ मीटर, ८० ला ३५.३, १०० ला ३१.५ आणि १२० ला २६.९ मीटर.

दुसरीकडे पाइपलाइनचीही मागणी असते. चढाई २४ मीटर, ती प्रवाह कितीही असो तेवढीच. त्यावर घर्षण. पाइपाचं ०.०२ × १२० ÷ ०.०३२ = ७५. फिटिंगचे गुणांक साधारण असे: जाळीसकट फूटव्हॉल्व्ह २, आठ एल्बो प्रत्येकी ०.९ म्हणजे ७.२, एनआरव्ही २.५, पूर्ण उघडा गेट व्हॉल्व्ह ०.२ आणि टाकीत पडताना वाया जाणारा वेग १. बेरीज १३ च्या आसपास. म्हणजे एकूण ८८ गुणिले वेगाचं हेड.

मिनिटाला ६० लिटर वाहत असतील तर पाइपलाइनला ३१ मीटर लागतात आणि पंप ३८ देऊ शकतो. ताकद जास्त आहे, म्हणून प्रवाह वाढतो. १०० लिटर वाहायचे असतील तर पाइपलाइन ४३ मीटर मागते आणि पंपाकडे त्या प्रवाहाला ३१.५ च आहेत. तिथे पोचणं शक्य नाही. दोघांचं जिथे जुळतं तिथेच प्रवाह स्थिरावतो. तुमच्या बाबतीत ते ७८ लिटरला जुळतं. वेग १.६२ मीटर, वेगाचं हेड ०.१३३, पाइपाचं घर्षण १० मीटर, फिटिंगचं १.७, चढाई २४. एकूण ३५.७ मीटर, आणि पंपाच्या वक्रावर ७८ लिटरला बरोबर एवढंच हेड येतं. हजार भागिले ७८ म्हणजे पावणेतेरा मिनिटं. तुम्ही घड्याळ लावून मोजलेली तेरा मिनिटं आणि हे गणित जुळतंय, म्हणून पंपावर शंका घेण्याचं कारण मला दिसत नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर एक प्रेशर गेज बसवा, एनआरव्हीच्या पुढे आणि गेट व्हॉल्व्हच्या आधी. पंप चालू असताना व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण बंद करा आणि काही सेकंदच गेज वाचा. पंप पाण्याच्या २ मीटर वर आहे, म्हणून ४२ वजा २, म्हणजे ४ किलो दिसायला हवेत. दिसले तर इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) शाबूत आहे. साडेतीनच दिसले तर इंपेलर झिजलाय, मोटर उलटी फिरतेय किंवा सक्शनमधून (हौदाकडच्या पाइपातून) हवा शिरतेय. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पंप चालवला की काटा सव्वातीन किलोच्या जवळपास स्थिरावेल. पंप थांबवल्यावर, लाइन भरलेली असेल तर, २.२ किलो दिसतील. ती निव्वळ उंची. चालू आणि बंद यांतला एक किलोचा फरक म्हणजे तुमच्या पाइपाचं घर्षण, गेजवर उघड दिसणारं. व्हॉल्व्ह बंद करून पंप चालवायची ही चाचणी फक्त सेंट्रिफ्युगल पंपावर करायची. पिस्टनचा किंवा स्क्रूचा पंप असा चालवला तर काहीतरी फुटेल. सेंट्रिफ्युगलही मिनिटभर तसाच ठेवू नये, आतलं पाणी तापून सील जातं.

आता दुसऱ्या पंपाचं बघू. तसाच पंप समांतर जोडला तर त्याच ३२ मिमी पाइपात एकूण प्रवाह ७८ वरून ९१ लिटरवर जाईल. वीज जवळपास दुप्पट आणि पाणी जेमतेम सहाव्या हिश्शाने जास्त! कारण अडचण पंपात नाहीच. उलट पंप तोच ठेवून पाइप आतून ४० मिमीचा केला तर प्रवाह १०३ लिटर होतो. ५० मिमी केला तर ११९. त्यापुढे जाण्यात अर्थ नाही, कारण घर्षण पूर्ण शून्य झालं तरी हा पंप २४ मीटरवर १३१ लिटरच देईल. मी तुमच्या जागी ४० मिमी टाकला असता आणि पुढे वापर वाढायची शक्यता असेल तर ५०.

पाइप बदलताना आठातले तीन एल्बो कमी करता आले तर जरूर करा, पण त्यावर फार आशा ठेवू नका. १२० मीटरच्या लाइनला फिटिंगचा वाटा पावणेदोन मीटर आणि सरळ पाइपाचा दहा. छोट्या, वळणावळणाच्या लाइनला हे प्रमाण उलटं होतं. ग्लोब व्हॉल्व्ह मात्र कुठेच नको, एकट्याचा गुणांक दहाच्या घरात असतो.

अश्वशक्तीबद्दल. पाण्याला मिळणारी शक्ती वॉटमध्ये = ९.८१ × प्रवाह (लिटर प्रति सेकंद) × हेड (मीटर). तुमच्या इथे १.३ × ९.८१ × ३५.७ = ४५५ वॉट. एवढ्या छोट्या पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर शाफ्टला सुमारे ११४० वॉट लागतात, म्हणजे दीड एचपी. प्रत्यक्ष २४ मीटर उचलायला यातले ३०६ वॉटच लागतात, बाकी १४९ पाइपात घासून गेले. एचपी पाहून पंप निवडण्याची पद्धत म्हणूनच फसवी आहे. त्याच दीड एचपीत एक पंप जास्त हेड आणि कमी पाणी देणारा मिळतो, दुसरा कमी हेड आणि जास्त पाणी देणारा. दुकानात विचारायचं ते असं: 'एकूण ३१ मीटर हेडला मिनिटाला किती लिटर?' (पाइप ४० मिमी केल्यावर तुमची लाइन १०३ लिटरला एवढंच मागेल.) उत्तर कर्व्हवर बोट ठेवून मिळालं पाहिजे, आणि तो बिंदू कर्व्हच्या मधल्या भागात असलेला चांगला, दोन्ही टोकांना कार्यक्षमता पडते.

मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह बसवायचा विचार तुम्ही ओघात लिहिलाय, म्हणून इशारा देतो. पंपाची फेरगती बदलली की प्रवाह त्याच प्रमाणात, हेड वर्गाने आणि शक्ती घनाने बदलते, असा नियम आहे. तो पंपाच्या कर्व्हला लागू होतो, तुमच्या टाकीतल्या पाण्याला जसाच्या तसा नाही. फेरगती १० टक्के घटवली तर कमाल हेड ४२ चं ३४ होईल. २४ मीटरची चढाई तशीच राहते, त्यामुळे घर्षणासाठी १८ ऐवजी १० मीटर उरतात आणि प्रवाह ७८ वरून थेट ५८ लिटरवर येतो. २४ टक्क्यांहून थोडी जास्त घटवलीत तर कमाल हेडच २४ मीटर होतं आणि टाकीत थेंबही पडत नाही, पंप नुसता पाणी घुसळत बसतो. चढाई मोठी आणि घर्षण थोडं अशा लाइनला ड्राइव्हचा फायदा फारसा नाही.

सक्शनकडे तुमचं २ मीटरचं अंतर निर्धोक आहे, पण तत्त्व समजून घ्या, कारण पंपाची जागा बदलायचं तुम्ही म्हणताय. पंप पाणी ओढत नाही. तो आत दाब कमी करतो आणि बाहेरची हवा हौदातलं पाणी वर ढकलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०.३ मीटर पाण्याइतका असतो, त्यामुळे कितीही एचपी लावले तरी सक्शन त्यापलीकडे जाऊच शकत नाही. १०.३ मधून पाण्याचा बाष्पदाब वजा करा (३० अंशांना ०.४ मीटर, ६० अंशांना २ मीटर), मग उंची २ मीटर, मग सक्शन पाइपाचं घर्षण साधारण ०.७. तुमच्याकडे ७ मीटरच्या वर उरतात. हे शिल्लक हेड कर्व्हवर दिलेल्या एनपीएसएचपेक्षा (पंपाच्या सक्शनच्या तोंडाशी लागणाऱ्या हेडपेक्षा) किमान अर्धा-एक मीटर जास्त असायला हवं. नाहीतर आत बुडबुडे तयार होऊन फुटतात, पंपात खडी फिरतेय असा आवाज येतो आणि इंपेलरला खड्डे पडतात. ठिकाण हजार मीटर उंचीवर असेल तर हवेचेच सव्वा मीटर आधी कमी धरा. व्यवहारात ६ मीटरच्या पुढे सक्शन नेऊ नये, सक्शनचा पाइप डिलिव्हरीपेक्षा (टाकीकडे जाणाऱ्या पाइपापेक्षा) एक आकार मोठा ठेवावा, आणि प्रवाह कमी करायचा असेल तर व्हॉल्व्ह कायम डिलिव्हरीचा आवळावा, सक्शनचा कधीच नाही.

राहिला धाडकन होणारा आवाज. तो वॉटर हॅमर. पंप थांबला की १२० मीटरच्या लाइनमधलं पाणी थोडं पुढे जातं, मग उलटं फिरतं आणि तोपर्यंत उघडा राहिलेला एनआरव्ही फटकन मिटतो. अचानक अडलेल्या पाण्याने किती दाब वाढतो याचं झुकोव्स्कीचं सूत्र सोपं आहे: दाबवाढ (मीटर) = लहरीचा वेग × पाण्याचा अडलेला वेग ÷ ९.८१. प्लास्टिकच्या पाइपात लहरीचा वेग साधारण ४०० मीटर प्रति सेकंद धरा, पोलादी पाइपात १२००. तुमचं १.६ मीटर वेगाचं पाणी एकदम अडलं तर प्लास्टिकमध्ये ६५ मीटर वाढ होईल. मूळची २२ मीटर उंची मिळवली की ८७ मीटर, म्हणजे ८.७ किलो. उलट फिरलेल्या पाण्याचा वेग सहसा एवढा नसतो, पण झटक्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह लाइनवर असेल तर हा आकडा खरा होऊ शकतो. पाइप ६ किलोच्या वर्गाचा असेल तर तो रोज मार खातोय, आणि आधी सांधे सुटतील.

उपाय: पाणी उलटं फिरायच्या आतच मिटणारा स्प्रिंगचा एनआरव्ही लावा. व्हॉल्व्ह हाताने बंद करायचा असेल तर सावकाश करा; लहर जाऊन परत यायला तुमच्या लाइनवर ०.६ सेकंद लागतो आणि त्याच्या कित्येक पट वेळ घेऊन बंद केला तर दाबवाढ नगण्य राहते. ४० मिमीच्या पाइपात १०३ लिटरला वेग १.३७ मीटरवर येतो, त्याने धक्काही त्याच प्रमाणात उतरेल. नवा पाइप घेताना १० किलोचा वर्ग घ्या, आणि त्याची भिंत जाड असल्यामुळे आतला व्यास ४० मिमी भरतोय ना, ते दुकानातच मोजून पाहा.